धुऱ्यावरचे सागवान : मेळघाटचे जंगल आणि आपला लाकूडधंदा

लाकडाच्या धंद्यात असलेल्या आपल्या बांधवांपुढे आज एकच मोठा प्रश्न आहे, माल आणायचा कुठून? आरामशीनवाला म्हणतो, गोल लाकूड मिळत नाही. वखारवाला म्हणतो, लिलावात बोली आवाक्याबाहेर जाते. सुतार म्हणतो, फळीचा भाव गिऱ्हाईकाला सांगायची लाज वाटते. आणि या सर्वांच्या बोलण्याचा शेवट बहुधा वनखात्याला चार शब्द सुनावण्यात होतो. आमच्या मते ही तक्रार निम्मी खरी आहे. उरलेल्या निम्म्या भागाचे उत्तर वनखात्याच्या कचेरीत मिळणार नाही. ते शेताच्या धुऱ्यावर आहे, आणि तेथे जाण्याची तसदी आपण घेतलेली नाही.

हा विषय आम्ही मेळघाटच्या उदाहरणाने मांडत आहोत. अमरावती जिल्ह्यातील सातपुड्याच्या पायथ्याशी असलेली परतवाडा-अचलपूर ही जुळी गावे सागवानाची बाजारपेठ म्हणून विदर्भाबाहेरही ओळखली जातात. येथील आरामशीन, वखारी, फर्निचरचे कारखाने, सुतारकाम, पॉलिशकाम आणि ट्रक वाहतूक या साखळीवर कितीतरी मुस्लिम कुटुंबांची चूल पेटते. डोंगरावर मेळघाट, पायथ्याला लाकडाचा बाजार आणि मधल्या पट्ट्यात कपाशी, तूर, संत्र्याचे शेतकरी, असा हा भूगोल आहे. या तिघांचे हित एकमेकांत गुंतलेले आहे.

जंगलाचे दार का बंद झाले?

मेळघाट हा १९७३-७४ साली देशात प्रथम जाहीर झालेल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. १९८७ मध्ये त्यातील गुगामल हे राष्ट्रीय उद्यान झाले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात प्रसिद्ध आदेश दिला. मंजूर कार्य आयोजनेशिवाय कोणत्याही जंगलात तोड करता येणार नाही, मग ते जंगल कोणाच्याही मालकीचे असो, असा त्याचा आशय होता. १४ फेब्रुवारी २००० च्या आदेशाने राष्ट्रीय उद्याने व अभयारण्यांतून वाळलेली, पडलेली झाडे आणि गवतही काढण्यास मनाई झाली. ऑक्टोबर २००२ मध्ये नव्या आरामशीनना केंद्रीय समितीच्या परवानगीशिवाय परवाने देऊ नयेत, असे राज्यांना बजावण्यात आले. २०१६ साली केंद्राने काष्ठाधारित उद्योगांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत परवाना आणि लाकडाची उपलब्धता यांची सांगड घातली गेली.

या सर्व आदेशांचा एकत्रित अर्थ व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचा तर असा, की संरक्षित जंगल हे आता आपले गोदाम राहिलेले नाही आणि पुन्हा होणारही नाही. ही बंदी उठेल, सरकार बदलेल, अधिकारी बदलेल, या आशेवर जो धंदा चालवतो तो वाळूवर भिंत बांधतो.

आणि खरे पाहता ही बंदी आपल्या विरोधात आहे असे समजण्याचेही कारण नाही. शहानूर, चंद्रभागा, सापन या नद्या याच डोंगरातून खाली उतरतात. अचलपूर, अंजनगाव, चांदूर बाजारचा संत्रा याच पाण्यावर उभा आहे. डोंगर उघडा पडला तर धरणात गाळ येईल, विहिरी आटतील, संत्र्याच्या बागा वाळतील, आणि ज्या शेतकऱ्याच्या खिशात पैसा नाही तो आपल्याकडे दरवाजा, चौकट किंवा दिवाण घ्यायला येणार नाही. जंगल गेले तर लाकूडवाल्याचे गिऱ्हाईकही जाईल, एवढा साधा हिशेब आहे.

देशाचे लाकूड येते कुठून?

अनेकांना अजून वाटते की लाकूड म्हणजे जंगल. आकडे वेगळेच सांगतात. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०११ च्या अहवालात असा अंदाज दिला आहे की सरकारी जंगलांतून वर्षाला सुमारे ३१ लाख ७५ हजार घनमीटर इमारती लाकूड निघते, तर जंगलाबाहेरील झाडांपासून, म्हणजे शेत, धुरे, परसबागा आणि रस्त्याकडेच्या झाडांपासून, वर्षाला सुमारे ४ कोटी २७ लाख घनमीटर लाकूड मिळू शकते. म्हणजे तेरापटीहून अधिक. देशाचा लाकूडबाजार शेतकऱ्याच्या जमिनीवर उभा आहे. आपण मात्र अजून डेपोच्या फाटकाकडे डोळे लावून बसलो आहोत.

यमुनानगर आणि सहारनपूर या भागाकडे पाहा. तेथे विमको या काडेपेटी बनवणाऱ्या कंपनीला लाकूड कमी पडू लागले, तेव्हा तिने शेतकऱ्यांना पॉपलरची रोपे दिली, लागवडीचा सल्ला दिला आणि तयार झालेले लाकूड विकत घेण्याची हमी दिली. १९८४ पासून नाबार्डच्या साहाय्याने या योजनेला बँकेचे कर्जही जोडले गेले. गव्हाच्या आणि उसाच्या शेतात पॉपलरच्या रांगा उभ्या राहिल्या. सहा ते आठ वर्षांत झाड तोडणीला येऊ लागले. काडेपेटीसाठी सुरू झालेल्या या लागवडीवर पुढे यमुनानगरचा प्लायवूड धंदा वाढला आणि हजारो हातांना काम मिळाले. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की झाड लावले शेतकऱ्याने, पण पहिले पाऊल उचलले खरेदीदाराने. ज्याला लाकूड हवे होते तो स्वतः शेतावर गेला.

मेळघाटच्या पायथ्याशी काय करता येईल?

विदर्भातला शेतकरी झाडाला अनोळखी नाही. धुऱ्यावर बाभूळ, कडुनिंब, पळस, बोर ही झाडे पूर्वापार असत. वखराचे दांडे, बैलगाडीचे जू, घराची बल्ली त्यांतूनच निघे. आज गरज आहे ती हीच जुनी रीत हिशेबाने करण्याची.

हिशेब असा. एक एकराचा चौरस तुकडा घेतला तर त्याची एक बाजू सुमारे ६४ मीटर भरते. चारही बाजूंचे धुरे मिळून सुमारे २५५ मीटर होतात. तीन मीटरवर एक झाड लावले तरी एकरी ८५ झाडे बसतात, आणि मधल्या पिकाखालची जमीन जवळपास तशीच राहते. दोनच धुरे वापरले तर चाळीस-बेचाळीस झाडे. अर्थात सावलीचा विचार हवा. आपल्या भागात पीक वाढीच्या बहुतेक काळात सावली उत्तरेकडे पडते. उत्तरेच्या धुऱ्यावर झाडे लावली तर ती शेजाऱ्याच्या पिकावर जाते आणि भांडण ठरलेले. म्हणून सामाईक धुरा टाळून नाल्याचा काठ, पांदण रस्त्याची बाजू आणि विहिरीजवळची पडीक जागा आधी घ्यावी.

सागवानाला वीस वर्षे लागतात, तोवर शेतकऱ्याने काय खावे, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर एकाच जातीचे झाड न लावण्यात आहे. बांबू लावला तर चार-पाच वर्षांत काठी मिळू लागते आणि पुढे दरवर्षी मिळत राहते. २०१७ साली भारतीय वन अधिनियमात दुरुस्ती होऊन जंगलाबाहेर वाढवलेला बांबू 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे त्या कायद्यान्वये शेतातल्या बांबूच्या तोडीचा आणि वाहतुकीचा जाच संपला. मलबार नीम सहा ते आठ वर्षांत प्लायवूड आणि पेटीच्या लाकडाला येतो. शेवरी आणि सुबाभूळ यांपासून चारा व जळण मिळते. सागवान सर्वांत शेवटी येतो. बांबू रोजच्या खर्चासाठी, मलबार नीम मुलांच्या शिक्षणासाठी आणि सागवान मुलीच्या लग्नासाठी, असे मांडले तर शेतकऱ्याला ते पटते.

'शेतातला साग म्हणजे कच्चा माल'

आपले कारागीर बंधू येथे हरकत घेतील. वीस वर्षांच्या झाडात पिवळसर-तपकिरी गाभा कमी आणि बाहेरचा पांढरा भाग जास्त असतो. पांढऱ्या भागाला कीड लवकर लागते आणि पॉलिशला रंग सारखा येत नाही. ही हरकत खरी आहे. मेळघाटच्या जुन्या झाडाची सर धुऱ्यावरच्या झाडाला येणार नाही.

परंतु एक गोष्ट विचारात घ्यावी. म्यानमारने एप्रिल २०१४ पासून गोल लाकडाची निर्यात बंद केली. त्यानंतर परदेशी सागवान म्हणून बंदरावर उतरणारा बराच माल इक्वेडोर, पनामा, कोस्टारिका, घाना अशा देशांतून आला आणि त्यातला मोठा भाग लागवडीचाच होता. समुद्र ओलांडून आलेले तरुण सागवान आपण कापतो, जोडतो आणि विकतो. मग वीस कोसांवरच्या शेतातले सागवान तेवढे कच्चे कसे? फरक हाताळणीचा आहे. लाकूड चिरल्यावर सावलीत पट्ट्या घालून नीट वाळवणे, पांढऱ्या भागाला बोरॅक्स-बोरिक ॲसिडचे द्रावण देणे, रुंद फळीऐवजी अरुंद पट्ट्या जोडून पॅनेल करणे, ही कामे शिकून घेण्यासारखी आहेत. संत्र्याच्या पेट्या, पॅकिंगचे खोके, पलंगाच्या आतल्या पट्ट्या यांना तर उंची सागवान लागतही नाही. उत्तम गाभा दर्शनी भागाला आणि साधे लाकूड आतल्या कामाला, एवढी शिस्त पाळली तरी जुन्या लाकडाची गरज पुष्कळ कमी होईल.

भावाचा शब्द

या साऱ्या योजनेचे मर्म भावात आहे. १९८० च्या दशकात पंजाब-हरियाणाच्या शेतकऱ्यांनी निलगिरीची प्रचंड लागवड केली. दशकाच्या अखेरीस सर्व माल एकदम बाजारात आला, भाव कोसळले आणि लोकांनी झाडे मुळासकट उपटून टाकली. पॉपलरच्या शेतकऱ्यांनीही २००० नंतरच्या काही वर्षांत अशीच मंदी भोगली. ज्या गावाने एकदा असा फटका खाल्ला, ते गाव पुढची वीस वर्षे झाडाचे नाव काढत नाही.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. रोप फुकट वाटून फोटो काढण्याने काही साधणार नाही. व्यापाऱ्याने लागवडीच्या दिवशीच लेखी शब्द द्यावा, की झाड तयार झाले की आम्ही घेऊ, आणि भाव परतवाड्याच्या सरकारी डेपोतील त्याच प्रतीच्या मालाच्या लिलावावरून ठरेल. तोडणी आणि वाहतुकीचा खर्च किती वजा होणार हेही आधीच लिहून ठेवावे. शेतकऱ्याला दुसरीकडे जास्त भाव मिळत असेल तर त्याने तेथे खुशाल विकावे. असा करार एकट्यादुकट्या वखारवाल्याला पेलणार नाही. बाजारातील आठ-दहा जणांनी एकत्र येऊन तो केला पाहिजे. एक दुकान बंद पडले तरी शब्द मोडणार नाही, ही खात्री गावाला हवी.

शरीअतच्या दृष्टीनेही हा मार्ग आपल्याला परका नाही. खैबरच्या विजयानंतर तेथील बागा व शेती प्रेषितांनी (स.) तेथील रहिवाशांकडेच निम्म्या उत्पन्नाच्या वाट्याने ठेवली होती. बागेच्या अशा भागीदारीला फिकहमध्ये 'मुसाकात' म्हणतात. 'बैअ सलम' म्हणजे पूर्ण रक्कम आधी देऊन माल नंतर घेण्याचा सौदाही मान्य आहे, मात्र एखादे विशिष्ट झाड किंवा विशिष्ट बाग ठरवून तो करता येत नाही. नवी झाडे लावण्याच्या भागीदारीबाबत मजहबांमध्ये तपशिलाचे मतभेद आहेत. म्हणून करारनाम्याचा मसुदा वकिलाबरोबरच जाणत्या आलिमांनाही दाखवावा. एवढे मात्र नक्की, की शेतकऱ्याला व्याजाने पैसे देऊन त्याचे झाड कवडीमोल लिहून घेणे हा यातला मार्ग नव्हे.

आदिवासी शेतकऱ्यांबाबत तर अधिक जपून पाऊल टाकावे लागेल. मेळघाटात कोरकू बांधवांची वस्ती मोठी आहे. अनुसूचित जमातीच्या खातेदाराच्या जमिनीवरील झाडांच्या विक्रीसाठी महाराष्ट्रात १९६९ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्यानुसार व्यापाऱ्याला परस्पर सौदा करता येत नाही. हा कायदा आपल्या वाटेतला काटा आहे असे काही जण म्हणतात. तो का करावा लागला, हे जुन्या लोकांना विचारावे. भोळ्या माणसाचे उभे सागवान मिठामिरचीच्या भावाने नेणारे ठेकेदार होऊन गेले, म्हणून तो झाला. कायद्याच्या चौकटीत, ग्रामसभेसमोर, उघड बोलीने व्यवहार होत असेल तर प्रामाणिक व्यापाऱ्याला त्याची भीती नाही.

ज्याच्याकडे धुराच नाही त्याचे काय?

धुऱ्यावरच्या झाडाने सर्व प्रश्न सुटेल असा आमचा दावा नाही. जंगलावर रोजचा ताण येतो तो जळणाचाही. याच २०११ च्या अहवालानुसार देशात घरोघरी वर्षाला सुमारे २१ कोटी ६० लाख टन जळाऊ लाकूड वापरले जात होते आणि त्यातले सुमारे ५ कोटी ८७ लाख टन जंगलातून येत होते. मोळी आणणारी बाई बहुधा भूमिहीन असते. तिला धुरा नाही. तिच्यासाठी सामूहिक जमीन हवी.

याचे उदाहरण परतवाड्याच्या जवळच आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या पायविहीर या गावाला वनहक्क कायद्याखाली २०१२ साली सामूहिक वनहक्क मिळाला. जमीन उजाड होती. गावाने 'खोज' या संस्थेच्या मदतीने ती राखली, झाडे लावली, पाणी अडवले, चराई व कुऱ्हाडीवर स्वतःच नियम घातले. तेथील सीताफळे मुंबईच्या बाजारापर्यंत गेली आणि २०१४ साली या गावाला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार मिळाला. ज्या गावाला आपल्या जंगलातून कायदेशीर उत्पन्न मिळते, ते गाव त्या जंगलाचा पहारेकरी होते. आपल्यातील फळव्यापारी आणि बांबूचे काम करणारे यांनी अशा ग्रामसभांशी सरळ व्यवहार जोडला तर दोघांचाही फायदा आहे.

एक धोका आणि तीन कामे

धोका एकच, पण मोठा. शेतातल्या झाडाच्या परवान्यावर जंगलातला चोरटा माल खपवण्याचा मोह काहींना होईल. असा एक ट्रक पकडला गेला तर शंभर शेतकऱ्यांचे परवाने अडकतील आणि बदनामी साऱ्या बाजाराची, साऱ्या समाजाची होईल. अशा माणसाला सामील करून न घेणे आणि केलेच असल्यास बाहेर काढणे, ही जबाबदारी बाजाराची स्वतःची आहे. ती पोलिसांवर टाकता येणार नाही.

आता करायची कामे. पहिले, उन्हाळ्याआधी रोपवाटिकेची व्यवस्था करावी आणि चांगल्या बियाण्याची रोपे मृगाच्या पावसाला गावात पोहोचवावीत. दुसरे, लागवड झाली की त्याच वर्षी सातबाऱ्यावर झाडांची नोंद करून घ्यावी. सागवान, आंबा, चिंच, मोह, चंदन अशा अनुसूचित झाडांना तोडीच्या वेळी १९६४ च्या कायद्यानुसार वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि नोंद नसेल तर तलाठी, वनपाल आणि मोजणी यांच्या फेऱ्यांत शेतकरी थकून जातो. तिसरे, प्रत्येक आरामशीनवर शेतातल्या मालाची वही वेगळी ठेवावी. गाव, गट क्रमांक, झाडांची संख्या, परवाना, घनमीटर सर्व त्यात असावे. २०१४ साली राष्ट्रीय कृषी वानिकी धोरण जाहीर झाले, तेव्हा तोड व वाहतुकीचे नियम सोपे करण्याचा मुद्दा त्यात होता. तो पुढे रेटायचा असेल तर सरकारपुढे अशी स्वच्छ वही घेऊनच जावे लागेल. नुसत्या निवेदनाने काम होत नाही.

झाड लावणाऱ्याला, त्या झाडाचे फळ माणसाने, जनावराने वा पाखराने खाल्ले तरी सदक्याचे पुण्य मिळते, अशी शिकवण आपल्याला आहे. कयामतची घडी समोर दिसत असतानाही हातातले रोप लावून टाकावे, असेही सांगितले गेले आहे. ज्या समाजाला एवढी स्पष्ट शिकवण आहे, त्याने लाकडाच्या धंद्यात केवळ तोडणारा म्हणून ओळखले जावे, हे शोभणारे नाही.

परतवाड्याच्या बाजारात काही आरामशीन मालकांनी आणि दहा-वीस शेतकऱ्यांनी येत्या पावसाळ्यात ही सुरुवात केली, तर पहिला बांबू चार-पाच वर्षांत बाजारात येईल, इन्शाअल्लाह. अकोट, धारणी आणि जंगलाला लागून असलेल्या राज्यातील इतर गावांच्या व्यापाऱ्यांनाही तोच हिशेब लागू आहे. बैठक कोणी बोलवायची याची वाट पाहत बसू नये. ज्याच्या आरामशीनवर आज माल नाही, त्यानेच ती बोलवावी.